कोटातलं खोकं

बारकोड वाचून वस्तूचं नाव आणि माहिती सांगणारं मशीन सोमवारी घरी आलं आणि अंध सुनिवाने नॉर्वेतल्या बर्गनमधलं आपलं स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं. “माशांचे गोळे. सातूचं पीठ. मुरवलेला हेरिंग मासा,” मशीन एकसुरात बोलत होतं. “वीस वर्षं डबे मी वाचले, आता मला कोण विचारतंय!” नवरा टोरगाइर हसून म्हणाला. डबे संपले, तरी तिचा हात थांबेना. गेले आठ महिने फिरायला जाताना तो तिचा हात धरत नव्हता, नुसतं कोपर पुढे करायचा. याचं मन दुसरीकडे गुंतलंय, ही शंका तिला पोखरत होती. खुंटीवरच्या त्याच्या कोटात तिला एक खोकं लागलं. “अगं, ठेव ते! जीवनसत्त्वं आहेत!” तो धावत आला. तोवर तिने मशीन टेकवलं होतं. “कंपवाताच्या गोळ्या. दिवसातून तीन वेळा.” “कधीपासून?” तिने विचारलं. “ऑगस्टपासून. तू माझ्या आधाराने चालतेस गं. तो हातच थरथरतोय, हे कोणत्या तोंडाने सांगू?” तिला संताप आला, आणि आठ महिने मनातल्या मनात दुसरी बाई शोधत बसल्याची लाजही वाटली. मशीन पुन्हा बोलायच्या आत तिने ते बंद केलं. “माझ्या नवऱ्याचं दुखणं मला या डबड्याने सांगायचं?” खुर्ची ओढत ती म्हणाली. “बस इथे. पहिल्या दिवसापासून तू सांग.” टोरगाइर बसला. “ऑगस्टात एका सकाळी शर्टाची बटणं लावता येईनात,” तो सांगू लागला. सुनिवाने त्याचा हात आपल्या हातात घेतला.