बैलाला आवतन

"बाई, बकरी लय गोड झाली," फकिरा कुंपणावरून म्हणाला.

रामीबाईनं हातातला ओला गोळा पाटावर आपटला. "बैल हाय तो."

"बैल? मंग वशिंड कुठी गेलं? चराले?"

तांड्यात फकिरा सगळ्यांचीच थट्टा करायचा आणि शेजारीण म्हणून रामीबाईच्या वाट्याला ती जरा जास्तच यायची. पण आज तिला ती सोसवत नव्हती. पोळा तोंडावर आला होता. घरचा म्हातारा बैल उन्हाळ्यात गेला, त्यामुळे यंदा पूजेला मातीचाच बैल करायचा होता. तो काय, कोणीही करतं. रामीबाईला मात्र ह्या बैलाकडून एक काम करून घ्यायचं होतं.

काम तिच्या पाठच्या भावाचं, बाबूसिंगचं होतं. तो नाल्यापलीकडच्या तांड्यात राहायचा. पोळ्याचं जेवण त्यानं आजवर बहिणीकडे कधी चुकवलं नव्हतं. यंदा होळीच्या आधी फुलसावंगीच्या भर बाजारात रामीबाईनं त्याला हाक मारली, "भिया! ए भिया!" बाबूसिंग पाठमोरा चालतच राहिला. ती आणखी मोठ्यानं ओरडली. बांगडीवालीनं मान वळवली, म्हशीवाल्यानं वळवली, भावानं काही वळवली नाही. रामीबाईचं तोंड एवढंसं झालं. घरी येऊन तिनं साऱ्या तांड्यादेखत शपथ घेतली, की ह्या तोंडानं त्याला पुन्हा बोलावणार नाही.

शपथ घेताना फार बरं वाटलं होतं. नंतर ती रोज सलायला लागली. आई-बाप गेलेले, नवरा गेलेला, आपलं म्हणायला हा एकटाच. तो पोळ्याला जेवायला यायला हवा होता, आणि शपथही मोडायला नको होती.

"लय अकड आली त्याले," फकिरा सांगू लागला. "विहिरीत सुरुंग लावाच्या कामावर लागला, पायात बूट आले, झालं! परवा मोटार मांगून भोंगा वाजवून राह्यली, अन् हा मधातूनच चालला. डायवरनं उतरून हात धरला, तव्हा बाजूले झाला."

"तू तुया घरी जाय," रामीबाई म्हणाली. भावाला नावं ठेवायचा हक्क तिचा एकटीचा होता.

फकिरा गेल्यावर तिनं बकरी मोडली आणि माती पुन्हा मळायला घेतली. नाल्यातली चिकण माती नुसती वाळवली तर तडकते, म्हणून तिनं त्यात कापूस पिंजून घातला आणि ती मऊ होईपर्यंत कुटली. ह्या वेळी पाय आखूड आणि जाड केले. वशिंड चांगलं फुगवलं. शिंगांना आतून काड्या घातल्या. बैल वीतभरच होता, पण वाटेवरून जाणाऱ्याला तो बैल म्हणून ओळखू यायला हवा होता. ओलं बोट फिरवून तिनं त्याची पाठ गुळगुळीत केली आणि त्याला सावलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी मानेला भेग पडली. तिनं मातीचा पातळ गारा भरून ती बुजवली आणि बैलाला दोन शिव्याही दिल्या. शेवटी बैल खडखडीत वाळला. चुन्यानं रंगवल्यावर तर तो असा ऐटीत उभा राहिला, की फकिरानंही कुंपणावरून पाहून त्याला बैलच म्हटलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि त्याला जेवणाचं आवतन देतात. संध्याकाळी रामीबाईनं बैल अंगणात, अगदी कुंपणाजवळ पाटावर मांडला. बाबूसिंग कामावरून परतताना त्याच वाटेनं जायचा, मान खाली घालून.

तो दिसला. तिनं हळद-तुपाची वाटी ओढली, बैलाच्या खांद्यावर हात फिरवायला लागली आणि सारा तांडा बाहेर येईल अशा आवाजात ओरडली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

बाबूसिंग दोन पावलं पुढं गेला. मग त्यानं मान वर केली आणि तो थांबला. बराच वेळ तो बैलाकडं आणि तिच्या पिवळ्या बोटांकडं बघत राहिला. मग तसाच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं पुरण घातलं. पोळ्या लाटताना दहा वेळा दारात येऊन गेली. उन्हं कलली तशी तिला स्वतःचाच राग यायला लागला. कुठं मातीच्या ढेकळाच्या नादी लागले, असं झालं.

तेवढ्यात बाहेरून फकिरा ओरडला, "बाई, तुया बैल चालत आला वं! जोडीनं आला!"

बाबूसिंग आणि त्याची बायको नंदाबाई अंगणात उभे होते. बाबूसिंगनं बूट काढले, हातपाय धुतले आणि नेहमीच्या जागी जाऊन बसला. रामीबाईला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. पण सरळ आनंद दाखवेल तर ती रामीबाई कसली!

"म्या तं बैलाले बोलावलं व्हतं," ती ताट वाढत म्हणाली. "तू काहून आला?"

बाबूसिंग तिच्याकडं बघून हसला आणि त्यानं ताट पुढं ओढलं. तिनं आग्रहानं पोळ्या वाढल्या, वर तुपाची धार सोडली. पठ्ठ्यानं मान वर न करता सगळं संपवलं. रामीबाईचा ऊर भरून आला. शपथ शाबूत होती आणि भाऊ पानावर होता. असा डाव साऱ्या तांड्यात कोणाला साधला नसता.

तूप आणायला ती चुलीपाशी गेली. नंदाबाई मागोमाग आली.

"पाह्यलं ना?" रामीबाई तिच्या कानाशी लागली. "बाजारात हाक आयकू नाही गेली सायबाले. काल कशी आयकू गेली? असा आवाज लावला, का नाल्यापलीकडं गेला असन!"

नंदाबाईनं एकदा मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"कोणाले सांगू नको म्हणे, काम जाईन म्हणे," ती हळूच म्हणाली. "काल त्याइले निस्ता तुमचा हात दिसला, बाई. विहिरीत सुरुंग लवकर उडाला ना संक्रांतीले, तव्हापासून त्याइले काहीच आयकू येत नाही."