न फुटलेला पेला

म्हातारा योस्ट सुतार आढ्यावर चढला. तिथे बांधलेल्या देवदाराच्या रोपट्याशेजारी उभं राहून त्याने ठरलेल्या चार ओळी म्हटल्या, वाइन घशात ओतली आणि पेला खाली भिरकावला. आम्हा जर्मन लोकांत घराचं आढं चढलं की हे करायचंच. पेला फुटला की घर टिकतं. फुटल्याच्या आवाजावर टाळ्या पिटायला आम्ही सगळे हात वर करून उभे होतो.

आवाज आलाच नाही. पेला पूर्वेच्या भिंतीच्या पायथ्याशी चुन्याच्या भुग्यात रुतला, तडासुद्धा न जाता.

"वाइन पातळ होती!" कोणीतरी ओरडलं. हसू पसरलं. इमारतखात्याचे मिस्टर पेल्हम अमेरिकन माणूस, त्यांना यातलं काही कळेना, पण तेही हसले. त्यांच्या काखोटीला नव्या ग्रंथालयाच्या कामाचे कागद होते. या शाळेचं आढं चढलं की ते कागद आमच्या वास्तुकाराच्या, हेन्सलरच्या हातात द्यायचे, असं ठरलं होतं. वॉशिंग्टनमधला अर्धा लाल विटांचा पसारा गॉटलीब हेन्सलरने उभा केला होता. बाजार त्याचा, अग्निशमन ठाणं त्याचं, शाळा त्याच्या. राजधानीला आपण चेहरा दिला असं तो म्हणायचा आणि आम्हालाही ते खरं वाटायचं.

हेन्सलर पेला उचलायला वाकला. हात मनगटापर्यंत भुग्यात गेला. त्याने वर पाहिलं. दोन विटांमधल्या सांध्यात त्याने बोट घातलं, तर बोट पिठात जावं तसं आत गेलं.

"योस्टकाका, खाली उतरा," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. तुमची माणसंही उतरवा."

मग तो वळला आणि क्रेब्स गवंड्याच्या तोंडावर त्याने मूठ हाणली.

वाल्टिन क्रेब्स त्याचा तीस वर्षांचा सोबती. एकाच जहाजातून आलेले दोघे. क्रेब्स पडला. हेन्सलर त्याच्या छातीवर बसला आणि मारतच सुटला. नाकाचं हाड मोडलेलं आम्हाला ऐकू आलं.

"चारशे पोरं! इस्टर झाल्यावर चारशे पोरं बसणार होती याच्याखाली! माती कालवलीस होय रे चुन्यात? हरामखोरा!"

आम्ही मधे पडलो नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही तेच वाटलं होतं. दोघातिघांनी "हाण!" म्हणूनही घेतलं.

क्रेब्सने एकदाही हात उचलला नाही. मूठ थांबली तेव्हा त्याने एक दात थुंकला.

"चुना चोख होता," तो म्हणाला. "जानेवारीत तुझ्या घरी आलो होतो मी. आठवतं? बादलीतलं पाणी गोठतंय, म्हटलं. काम थांबव, म्हटलं. गोठलेला चुना धरत नाही, ऊन लागलं की भुगा होतो. हे तूच शिकवलंस मला."

हेन्सलरने भिंतीच्या सांध्याकडे पाहिलं.

"काय म्हणालास तू? शेगड्या पेटव, म्हणालास. पेल्हमसाहेबांना मार्चमध्ये आढं दाखवायचंय, म्हणालास. मी पुन्हा तोंड उघडलं, तर दार दाखवलंस."

चोर सोडून संन्याशाला सुळी देत होतो आम्ही. माझ्या तर कानशिलात बसल्यासारखं झालं.

हेन्सलर त्याच्या छातीवरून उठला. त्याच्या दोन्ही मुठींची सालं निघाली होती. तोवर योस्ट आणि त्याची माणसं शिडीवरून खाली आली होती. हेन्सलरने घण उचलला.

"मिस्टर हेन्सलर!" पेल्हम पुढे आले. "डोकं फिरलंय का तुमचं? सांधे खरवडून नवा चुना भरा. कोणाला कळणार आहे? उद्या वर्तमानपत्रात आलं, तर ग्रंथालय विसरा. या शहरात तुम्हाला कोंबड्यांचं खुराडंसुद्धा बांधू देणार नाहीत!"

"मागे व्हा, साहेब."

दोन खिडक्यांमधल्या खांबावर त्याने पहिला घाव घातला. दुसरा. तिसऱ्याला खांब आतल्या आत बसला आणि वरची भिंत धडाधड खाली आली. एक वीट हेन्सलरच्या खांद्यावर आदळली, दुसरीने कपाळ फोडलं. छपराचं एक टोक करकरत लटकलं आणि देवदाराचं रोपटं रिबिनींसकट आमच्या पायाशी येऊन पडलं. सगळीकडे पांढरी धूळ. धुळीत तो खोकत होता, रडत होता, आणि तरी घण चालवतच होता. इतका मोठा माणूस रडताना मी कधी पाहिला नव्हता.

धूळ बसली तेव्हा पेल्हम बग्गीत चढले होते. कागद अजून त्यांच्या काखेतच होते.

फाटकाशी एक संगमरवरी पाटी टेकवून ठेवली होती, दारावर बसवायची. गॉटलीब हेन्सलर, वास्तुकार. अक्षरांत कालच सोनं भरलं होतं. त्या सगळ्या अंगणात काय घट्ट होतं तर तेवढीच.

हेन्सलरने ढिगाऱ्याकडे नजर फिरवली. पेला अजून तिथेच होता, साबूत. त्याने तो उचलला, कोटाच्या बाहीने पुसला आणि सगळ्या ताकदीने पाटीवर फेकला. काच त्याच्या नावावर फुटली.

"फुटला!" योस्ट ओरडला. रिवाजाप्रमाणे ते ओरडायचंच असतं. टाळी मात्र कोणी वाजवली नाही.

क्रेब्स उठला. नाकातलं रक्त त्याने सदऱ्याला पुसलं आणि दुसरा घण उचलला.

"दक्षिणेची भिंतही जानेवारीच्या त्याच आठवड्यातली आहे," तो म्हणाला. "चल."