गावातला अबोला

"पुन्हा रिकामी!" होडी वाळूवर ओढून म्हातारा तांडेल बायकांना म्हणाला, "देव द्यायला बसलाय गं. गावात कोण कुणाशी बोलत नाही?"

इंडोनेशियातल्या त्या आडबाजूच्या बेटावर मासा मिळाला नाही, तर दोष समुद्राला देत नाहीत; गावातला अबोला शोधतात. सगळ्यांनी हेलेनाकडे पाहिलं. तिचं मोठ्या जावेशी, विधवा ब्रिगिताशी, कधीपासून बोलणं नव्हतं.

हेलेना जावेच्या दारात गेली. "ताई, चुकलं माझं."

"माशासाठी आलीस ना?"

"हो." तिला रडू फुटलं. "मासा नाही, तर बदल्यात मका कोण देणार? घरात दाणा नाही."

"खोटं बोलली असतीस तर हाकललं असतं," म्हणत ब्रिगिताने आपला निम्मा मका तिच्या ओच्यात ओतला.

दुसऱ्या दिवशीही होडी रिकामीच आली. "समेट फुकट गेला," बायका कुजबुजल्या.

"फुकट कसा गं?" हेलेनाच्या पोरीची वेणी घालत ब्रिगिता म्हणाली. "एवढ्या दिवसांनी माझ्या घरात भांडायला कुणीतरी आलंय!"