मास्कचा प्रश्न

“मास्कचं विचारलं तर ‘हो’ म्हणायचं नाही आणि ‘नाही’ही म्हणायचं नाही,” सलोनी म्हणाली. “म्हणायचं, माझा विपुल फार कष्टाळू होता, आणि कंपनीनं आम्हाला घरच्यासारखं सांभाळलं. म्हणा बघू, मावशी.”

सलोनीने समोर धरलेल्या मोबाइलकडे काशीबाईने पाहिलं. रंगाची टाकी साफ करायला उतरलेला तिचा विपुल मेलेलाच वर आला, त्याला आज सहा दिवस झाले होते. सुतकातल्या बाईने उंबरा ओलांडायचा नसतो. पण चार वाजता टीव्हीवाले येणार, म्हणून कारखान्याने सकाळीच गाडी पाठवून तिला बोईसरला आणलं, गेस्टरूममध्ये बसवलं आणि मुंबईहून ही शिकवणारी मुलगी बोलावली. पोटचा पोरगा गेल्यावर आईने कसं बोलावं, याची म्हणे शिकवणी!

“माजा विपुल कष्टाळू होता,” काशीबाई म्हणाली. “कंपनीनं घरच्यासारकं सांबाळलं.”

“छान. आणि रडू आलं तर येऊ द्या. डोळे लगेच पुसू नका.”

काशीबाईच्या डोळ्यांत होतं तेवढं पाणीही आटलं.

कोपऱ्यात एचआरचे साहेब चहा घेत बसले होते. “मास्क दिला होता, त्यानंच काढून ठेवला, हे मी बोलेन,” ते म्हणाले. “तुम्ही फक्त मध्येच ‘नाही’ म्हणू नका. आज सगळं नीट झालं की सोमवारी दर्पणच्या हातात नोकरीचं पत्र.”

दर्पण तिचा धाकटा. आयटीआय करून दोन वर्षं घरी बसलेला. या पत्रासाठीच तर ती गाडीत बसली होती.

“कुटल्या खात्यात घेनार त्याला?”

“विपुलच्याच. जागा रिकामीच आहे ना.”

साहेबांनी हे बशीत बिस्किट ठेवता ठेवता सांगितलं. काशीबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण दर्पणने सकाळी निघताना तिला तीनदा बजावलं होतं, आये, उलटं बोलू नको.

“पुन्हा एकदा करू,” सलोनी म्हणाली. “मी वार्ताहर. काशीबाई, विपुलनं मास्क घातला होता का?”

“बाय, तू हे शिकलीस कुटं?”

“म्हणजे?”

“मी चाळीस वर्सं बाजारात मासळी इकते. टोपलीत शिळा पापलेट असला आनि गिऱ्हाईक म्हनलं, कल्ला उगडून दाकव, तर आमी कल्ला सोडून सगळं दाकवतो. तुजी साडी कुटली, पोरं कितवीला, सगळं इचारतो. हेच शिकवतेस ना मला?”

सलोनीचा चेहरा उतरला. “मावशी, हे तुमच्या भल्यासाठीच आहे,” ती म्हणाली आणि मोबाइलकडे बघू लागली.

चार वाजता कॅमेरा लागला. वार्ताहर जागृती नावाची एक तरुण पोरगी होती. ती फार प्रश्न विचारत बसली नाही. नाव, गाव, आणि मग सरळ, “विपुलनी मास्क घातला होता का?”

साहेब खाकरले. कॅमेऱ्यामागून सलोनीने पुढे चला, पुढे चला, असा हात केला. काशीबाईच्या डोळ्यांपुढे घरी बसलेला दर्पण आला. सोमवारसाठी त्याने कालच शर्टाला इस्त्री करून ठेवली होती.

“माजा विपुल कष्टाळू होता,” ती म्हणाली आणि थांबली. सलोनीने मान डोलावली.

“त्याला घरी आनला तवा त्याचं तोंड मीच धुतलं,” काशीबाई पुढे बोलू लागली. “पिवळा रंग. कपाळ पिवळं, गाल पिवळे. नाकात बोट घातलं तर बोट पिवळं. ओटाच्या आत, दातावर, सगळीकडं तोच रंग. तीन बादल्या पानी घातलं, तरी गेला नाय. मास्क असता, तर नाका-तोंडाची तेवडी जागा तरी माज्या पोऱ्याची ऱ्हायली असती ना?”

साहेब खुर्चीतून उठलेच. “मावशी! दर्पणचा तरी विचार करा!”

काशीबाईने कॅमेऱ्यावरची नजर काढली नाही.

“तोच केला, सायेब,” ती म्हणाली. “दर्पणचं तोंड मी नाय धुनार.”