उशिराचं सुतक

"दुःखद निधन : दिगंबर खांबेटे, वय चोवीस." घराण्याची वंशावळ जुळवताना जुन्या वर्तमानपत्रात शर्वाणीला आजोबांचं नाव सापडलं, आणि ती चक्रावली. अंक एकेचाळीस सालचा होता. तिचे बाबा त्यानंतर पाच वर्षांनी इंदूरला जन्मले होते.

आजोबांनी विधवेशी लग्न केलं म्हणून पणजोबांनी त्यांना घर बंद केलं, एवढं तिने ऐकलं होतं. जिवंत मुलाच्या निधनाची बातमी छापून आणली, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

बातमीतल्या गावाचा माग काढत ती कोकणात पोचली. खाडीवर धुकं होतं, माडांचे नुसते शेंडे तरंगत होते. आजोबांची धाकटी बहीण, नव्वदीची यमूआजी, ओटीवर फुलं निवडत होती.

"दिगूदादाची नात? कसं शक्य आहे? मी सात वर्षांची असताना तो या खाडीत बुडाला. तेव्हापासून मी पाण्यात पाऊल घातलं नाही."

"बुडाले नव्हते, आजी. इंदूरला शाळेत चित्रकला शिकवायचे."

यमूआजीने हातातलं फूल परडीत ठेवलं आणि धुक्याकडे पाहिलं.

"सुखात होता?"

"खूप. सकाळी गात गात बागेला पाणी घालायचे."

आजीचा चेहरा हळूहळू उजळला. धुक्यातून कुणीतरी चालत येताना दिसावं, तशी ती हसली.

"आणि गेला कधी?"

"चौऱ्याऐंशी साली."

आजीने परडी बाजूला सारली आणि भिंतीला धरून उठली.

"विहिरीचं पाणी काढून दे गं मला," ती म्हणाली. "दादा गेलाय. आंघोळ करायला हवी."