चौथ्या भिंतीचा चुना

ब्याऐंशीच्या दिवाळीआधी सातपूरच्या कॉलनीतलं समाजमंदिर रंगवायला तीन मंडळांनी एकत्र येऊन एकेक भिंत वाटून घेतली. भिंती चार आहेत, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. रविवारी तीन भिंतींवर तीन मंडळांची नावं झळकली. चौथी काळीच राहिली. तिच्यालगतच विमलाबाईंची बालवाडी भरायची. सोमवारी पोरं घरी गेल्यावर बाईंनी उरलेला चुना कालवला आणि दुपारभर एकट्यानंच ती भिंत पांढरी केली. शेवटचा हात फिरतोय, तोच तिन्ही अध्यक्ष ब्रश घेऊन हजर! “इथं आमचं नाव येणार.” “का म्हणून? आमची भिंत लहान आहे.” बाईंनी चुन्याची बादली बाजूला ठेवली. त्या भिंतीलाच टेकून बसल्या. “बाई, उठा, भिंत ओली आहे!” “असू द्या. तुमचं ठरलं की उठवा मला.” ठरलं नाहीच. वर्षभर भिंतीवर राहिला, तो बाईंच्या पाठीचा ठसा.