बूट ऑर्डर

चारुतानं कॉम्प्युटरच्या पेटीचे स्क्रू काढून अनिशच्या तळहातावर ठेवले. त्याच्या दुसऱ्या हातात फोनचा टॉर्च होता. घटस्फोट घेताना एकमेकांना इतपत मदत करावी, यावर दोघांचं एकमत होतं. बाकी कशावर नव्हतं.

सामान वाटून झालं होतं. इडलीपात्राच्या चार ताटल्या दोन-दोन. मधला दांडा कोणाचा, ते वकिलांकडे होतं.

कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्हही दोन, एक तिची, एक त्याची. दोन्हींवर आपापली ऑपरेटिंग सिस्टिम. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर 'चारुता' आणि 'अनिश' अशी दोन नावं यायची, त्यातलं एक निवडायचं. अमेरिकेतल्या रेडमंडच्या त्या टाउनहाउसमध्ये ही नावं एकाखाली एक शांतपणे उभी राहायची ती फक्त तिथेच.

"एक सांगू?" चारुता म्हणाली. "माझी ड्राइव्ह काढली तर तुझी चालू होणार नाही."

"का? सेपरेट आहे ती."

"सिस्टिम सेपरेट आहे. सुरू करणाऱ्या फाइल्स माझ्या ड्राइव्हवर आहेत. मशीन आधी माझं होतं. तू नंतर आलास, आणि तुझ्या इन्स्टॉलरनं माझंच वापरलं."

"इन्स्टॉलरनं. मी नाही."

"मी कुठे काय म्हटलं? दहा मिनिटांचं काम आहे, त्या फाइल्स तुझ्या ड्राइव्हवर बनवून देते."

दहा मिनिटं ती थांबणार होती. अनिशला वर्षभर तेवढंच हवं होतं.

"चारुता, मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे," तो म्हणाला.

"माहितीये. म्हणूनच विचारलं."

"बूट ऑर्डरमध्ये माझी ड्राइव्ह पहिली करीन. झालं."

"यार अनिश, पहिली करून काय होतंय? तिला उठायलाच येत नाही."

"काढ तू."

तिनं काढली. च्युइंगमच्या पाकिटाएवढी ड्राइव्ह लोकरी मोज्यात गुंडाळून पर्समध्ये टाकली, आणि जिना उतरली.

अनिशनं पेटी बंद केली. एक स्क्रू उरला, तो त्यानं खिशात ठेवला. सेटिंग्जमध्ये, कोणती ड्राइव्ह आधी सुरू करायची त्या यादीत जाऊन स्वतःची ड्राइव्ह पहिल्या नंबरावर न्यायला गेला, तर ती आधीच पहिली होती. यादीत एकटीच होती. त्यानं तरी सेव्ह केलं.

पडद्यावर ओळ आली: चालू करण्याजोगी ड्राइव्ह सापडली नाही, योग्य ड्राइव्ह लावून कोणतीही की दाबा.

त्यानं एक की दाबली. तीच ओळ आली. दुसरी दाबली. तिलाही तीच.

खालून हॉर्न वाजला. त्यानं खिडकी अर्धी सरकवली. पावसात चारुतानं गाडीची काच खाली केली होती.

"झाला का चालू?"

"एकदम! आधीपेक्षा फास्ट!"

"नक्की? येऊ का वर?"

"अगं, कशाला! लॉगिनपण झालो."

चारुता क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि तिनं काच वर केली.

गाडी निघाली आणि कोपऱ्यावरच्या स्टॉप साइनच्या पाटीपाशी थांबली. डावीकडून कोणी येत नव्हतं. उजवीकडूनही नाही. समोर माणूस नाही, कुत्रं नाही. तरी थांबली. अनिशनं श्वास रोखून कपाळ काचेला टेकवलं.

चारुता स्टॉप साइनला नेहमीच पूर्ण थांबते. मग ती डावीकडे वळली.